नियमांनी लिहिलेलं भाष्य

ॲनिमेवर बेतलेल्या फायटिंग गेमबद्दल दोन मतं सर्रास ऐकू येतात. पहिलं बाहेरच्यांचं: हा निव्वळ माल खपवायचा धंदा. पोरांना ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू आवडतो, मग गोकूचा टी-शर्ट, गोकूची बाहुली आणि गोकूचा गेम. दुसरं मत आतल्यांचं, स्पर्धांमध्ये मुरलेल्या खेळाडूंचं: यंत्रणा चांगली असेल तर वरचा चेहरा गोकूचा असो की आणखी कुणाचा, फरक पडत नाही. वरवर ही मतं एकमेकांच्या विरोधात आहेत. पण दोघांचं गृहीतक एकच आहे. कथा वेगळी, खेळ वेगळा, आणि एकावर दुसऱ्याचा नुसता मुलामा. हे गृहीतकच मला उथळ वाटतं.

माझं म्हणणं असं आहे. चांगला ॲनिमे फायटिंग गेम हे मूळ कलाकृतीवरचं भाष्य असतं आणि ते शब्दांत नव्हे, नियमांत केलेलं असतं. कुठलं पात्र किती दूरवर पोचतं, कशाची किंमत मोजून ताकद मिळवतं, कुठल्या क्षणी उघडं पडतं, हे सगळे निर्णय म्हणजे त्या पात्राविषयीची मतं. निष्ठावान चाहता ती मतं पटवून घ्यायला, त्यांच्याशी भांडायला आणि स्वतःच्या बोटांनी तपासून पाहायला येतो. त्याच्या ओढीचं मूळ तिथे आहे.

१. चेहरा पुरत नाही

आधी स्मरणरंजनाचा मुद्दा निकालात काढू. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झी’ पाहत वाढलेली पिढी आता तिशीच्या आसपास किंवा पुढे आहे. तिला गोकू दाखवला की ती पैसे मोजते, असा हा युक्तिवाद. तो खरा असता तर जितके ओळखीचे चेहरे जास्त तितकी ओढ जास्त, असं दिसायला हवं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ‘जंप फोर्स’ने याची जणू चाचणीच घेतली. ‘शोनेन जंप’ साप्ताहिकाच्या पन्नाशीनिमित्त काढलेल्या या गेममध्ये गोकू, नारुतो, लुफी, केनशिरो, जोतारो असे सोळा मालिकांमधले चाळीस लढवय्ये पहिल्याच दिवशी हजर होते. एवढं संमेलन दुसरीकडे कुठे भरणार?

आणि तरी चाहते वैतागले. दोनचार रेषांत मावणाऱ्या चेहऱ्यांना खऱ्या माणसासारखी कातडी, खरे केस, खरी चमक दिली होती. मांगात, म्हणजे मूळ जपानी चित्रकथेत, दोन ठिपक्यांत भागणारे लुफीचे डोळे इथे काचेचे दिसत होते. त्याहून मोठी गोची नियमांत होती. जवळपास सगळी पात्रं एकाच साच्यात हलत होती. केनशिरोने मारलं काय नि नारुतोने मारलं काय, हाताला कळणारा फरक फार थोडा. २०२२ च्या फेब्रुवारीत गेमची डिजिटल विक्री थांबली, ऑगस्टमध्ये ऑनलाइन सेवेचा मोठा भाग बंद झाला. अशा वेळी हक्कांचे करार संपणं हेही एक कारण असू शकतं, म्हणून हा पुरावा मी ताणणार नाही. पण चेहरे चाळीस होते आणि मत एकही नव्हतं, एवढं नक्की म्हणेन.

२. दोघांचं व्याकरण एक

दुसरी पायरी इतिहासाची. ॲनिमे हा फायटिंग गेममध्ये नंतर आलेला पाहुणा आहे, ही समजूत चुकीची आहे. १९८७ च्या ‘स्ट्रीट फायटर’चे दिग्दर्शक ताकाशी निशियामा यांनी सांगितलं आहे की ‘हादोकेन’ या ऊर्जेच्या गोळ्याची कल्पना त्यांना ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या ॲनिमेतल्या ‘हादो-हो’ या तोफेवरून सुचली. म्हणजे या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध चालच ॲनिमेतून आलेली आहे.

पुढचा काळही दोघांनी बरोबरीने काढला. अकिरा तोरियामांचा ‘ड्रॅगन बॉल’ १९८४ ते १९९५ या काळात ‘शोनेन जंप’मध्ये चालला. १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ने आर्केडं भरून टाकली. १९९५ च्या नववर्ष अंकात ‘जंप’चा खप ६५ लाख ३० हजारांवर पोचला. मांगा वाचणारी पोरं आणि आर्केडमध्ये नाणी टाकणारी पोरं बरीचशी तीच असणार. पण मुद्दा गर्दीचा नाही, व्याकरणाचा आहे. शोनेन, म्हणजे मुलांसाठीच्या मांगातली झुंज कशी चालते? दोघं समोरासमोर. चालीला नाव असतं आणि ते ओरडून उच्चारलं जातं. आधी पवित्रा, मग वार, मग आघाताची एक मोठी चौकट जिथे सगळं थांबतं, आणि मग परिणाम. फायटिंग गेममधली प्रत्येक चाल अशीच तीन तुकड्यांची असते: सुरू होण्याच्या फ्रेम, लागण्याच्या फ्रेम, सावरण्याच्या फ्रेम. वार लागला की दोन्ही पात्रं काही फ्रेम जागच्या जागी गोठतात. सेकंदाला साठ फ्रेमच्या हिशोबात हा विराम डोळ्याला जेमतेम जाणवतो, पण तो काढून टाकला तर मारात वजनच उरत नाही. मांगातल्या आघाताच्या चौकटीचं काम इथे हा विराम करतो.

३. नियम म्हणजे मत

आता माझ्या म्हणण्याचा गाभा. हिरोहिको अराकी यांच्या ‘जोजो’च्या तिसऱ्या भागात ‘स्टँड’ येतात. माणसाची मनःशक्ती आकार घेऊन त्याच्या शेजारी उभी राहते आणि त्याच्या वतीने लढते. स्टँडला झालेली जखम सहसा मालकाच्या अंगावर उमटते. गेम करणाऱ्यापुढे लगेच प्रश्न उभा राहतो: पडद्यावर लढणारे दोन की चार? कॅपकॉमने १९९८ मध्ये आर्केडसाठी केलेल्या गेममध्ये एक आख्खं बटण स्टँडसाठी राखून ठेवलं. दाबलं की स्टँड प्रकट, पुन्हा दाबलं की गुप्त. तो बाहेर असताना चालींचे पर्याय बदलतात, ताकद वाढते. पण त्याचं वेगळं मीटर असतं. वार अडवत राहिलात की ते झिजतं, संपलं की स्टँड कोसळतो आणि मालक क्षणभर हतबल उभा राहतो. मनातली शक्ती बाहेर काढणं म्हणजे मन उघड्यावर आणणं, असं या मांगाचं एक वाचन त्या बटणात दडलेलं आहे. अराकींचं कुठलं पात्र हे भाषण करून सांगत नाही. खेळणाऱ्याला मात्र ते दर फेरीत ठरवावं लागतं: आता काढू की झाकून ठेवू?

याच गेममधला खलनायक दिओ काळ थांबवतो. फायटिंग गेम हा प्रतिक्रियेचा खेळ. समोरच्याचा खांदा हलला की पापणी लवायच्या आत उत्तर द्यायचं. त्यात काळ थांबवण्याची चाल द्यायची म्हणजे खेळाच्या मुळावरच घाव. कॅपकॉमने ती दिली. मीटर जळतंय तोवर दिओ मोकळा फिरतो आणि दुसऱ्या खेळाडूच्या हातातली बटणं निर्जीव होतात. मांगा वाचताना दिओची शक्ती भयंकर आहे हे समजतं. इथे तुमचं पात्र तुमच्या हाती नसतं, तुम्ही बघत बसता. वाचकाला दिओच्या शत्रूच्या जागी बसवायचा याहून नेमका मार्ग मला तरी माहीत नाही.

आर्क सिस्टिम वर्क्स या योकोहामाच्या कंपनीने २००५ मध्ये ‘होकुतो नो केन’ या मांगावर केलेला आर्केड गेम तर माझ्या मते या कलेतलं सर्वांत धीट भाष्य आहे, भले ते अर्धंमुर्धं अपघाताने झालेलं असो. मूळ मांगात सप्तर्षीजवळ एक तारा आहे, तो ज्याला दिसतो त्याचं मरण जवळ आलेलं असतं. गेमने काय केलं, तर प्राणशक्तीच्या पट्टीखाली सात तारे ठेवले. ठरावीक वारांनी ते एकेक करून विझतात. सातही गेले की समोरच्याला एकाच घावात फेरी संपवायची मुभा, मग तुमची पट्टी कितीही भरलेली असो. म्हणजे या जगात माणूस दोन प्रकारे मरतो: मार खाऊन, किंवा नशीब संपून. बाकीच्या गेममध्ये प्राणाचं एकच खातं असतं. इथे दोन आहेत, आणि दुसरं हळूहळू रितं होताना दिसत राहतं. मूळ कथेतली अटळतेची सगळी छाया त्या सात ठिपक्यांत आली आहे.

गिन्यूचं उदाहरण हलकंफुलकं, पण सांगण्याजोगं. ‘ड्रॅगन बॉल’मधला हा सेनानी देहांची अदलाबदल करतो. २०१८ च्या ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’मध्ये ती चाल लागली की खरोखरच तुमचं पात्र त्याच्याकडे जातं आणि गिन्यूचं शरीर तुमच्या गळ्यात पडतं. सहा महिने घासून बसवलेले तुमचे कॉम्बो, म्हणजे वारांच्या साखळ्या, आता समोरच्याच्या दिमतीला. कथेत गोकूची झालेली पंचाईत खेळाडूच्या वाट्याला येते आणि ती विनोदीही असते.

४. न सरकणारं चित्र

दृश्यरूपाकडे ‘ग्राफिक्स चांगले’ एवढं म्हणून पुढे जाणाऱ्यांनी आर्क सिस्टिम वर्क्सची पद्धत जरा बघावी. २०१४ च्या ‘गिल्टी गिअर झर्ड’मध्ये तिने ती घडवली आणि ‘फायटर्झ’मध्ये वापरली. पात्रं त्रिमितीय असतात, पण संगणकाला दोन पवित्र्यांमधली हालचाल आपोआप भरू दिली जात नाही. प्रत्येक पवित्रा हाताने बसवलेला, काही फ्रेम तसाच धरलेला, मग थेट पुढचा. जपानी टीव्ही ॲनिमेत काटकसरीपोटी जन्मलेली ही अडखळती लय इथे मुद्दाम, बक्कळ श्रम खर्चून आणली आहे. सावली कुठे पडावी हे ठरवण्यासाठी मॉडेलच्या पृष्ठांची दिशा हाताने बदलली जाते. प्रत्येक पात्राचा प्रकाश स्वतंत्र, मैदानातल्या सूर्याशी देणंघेणं नाही. ठोसा कॅमेऱ्याच्या दिशेने आला तर मूठ सरळ मोठी केली जाते.

एवढा खटाटोप कशासाठी? चाहत्याच्या स्मृतीत जे साठलेलं आहे ते सरकणारं शरीर नसतं, ती थांबलेली चित्रं असतात. गोकूच्या ‘कामेहामेहा’ चालीचा पवित्रा, मनगटं जुळलेली, बोटं फाकलेली. संगणकाने मधले दुवे गुळगुळीत भरले तर ही चित्रं त्यात विरघळून जातात. ‘जंप फोर्स’चं वास्तववादी रूप आणि ‘फायटर्झ’चं रेखीव रूप यांतली निवड म्हणूनच सजावटीची नाही. मूळ कलाकृतीत महत्त्वाचं काय, याबद्दलचे ते दोन परस्परविरोधी दावे आहेत, आणि त्यांतला एक चुकीचा आहे.

५. क्रिलिनचं काय करायचं?

इथे माझ्या सिद्धान्ताला सर्वांत कठीण जागा येते. कथा उतरंडीवर चालते, स्पर्धा समानतेवर. मूळ ‘ड्रॅगन बॉल’मध्ये गोकूचा मित्र क्रिलिन खलनायक फ्रीझासमोर टिकूच शकत नाही. गेममध्ये तो टिकला नाही तर त्याला घेणार कोण? आणि टिकला तर ते भाष्य की खोटी साक्ष?

‘फायटर्झ’चं उत्तर मला पटतं. त्याने फळ समान केलं, स्वभाव नाही. क्रिलिन फ्रीझाला हरवू शकतो, पण फ्रीझासारखा लढून नव्हे. तो दगड भिरकावून फसवतो, जोडीदाराला जखमा भरणारा सेंझूचा दाणा देतो, आपल्या आवाक्याचं भान ठेवून खेळतो. म्हणजे ताकदीची उतरंड काढून टाकल्यावर पात्रात काय उरतं, असा प्रश्न गेमने विचारला आणि क्रिलिनच्या बाबतीत उत्तर आलं: शहाणपण आणि सोबत. हे उत्तर मूळ कथेतही आहे, फक्त तिथे ते स्फोटांच्या आवाजात बुडून जातं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन बॉल: स्पार्किंग! झिरो’ने उलट टोक धरलं. सुरुवातीलाच १८२ पात्रं आणि समानतेचा आग्रह नाही. बलवान ते बलवानच, दुबळा मिस्टर सेतान तो दुबळाच. तोल सांभाळायला एका लढत-प्रकारात प्रत्येकाला गुणांची किंमत लावली आणि संघाला मर्यादा घातली, एवढंच. पहिल्या चोवीस तासांत तीस लाख प्रती गेल्याचं प्रकाशकांनी जाहीर केलं. माझी पसंती पहिल्या उत्तराला आहे, कारण ते मूळ कथेत भर घालतं आणि दुसरं बहुतांशी तिची नोंद ठेवतं. पण दोन्ही उत्तरं आहेत. चाहते यांवर तावातावाने वाद घालतात तेव्हा बाहेरच्याला तो पोरकटपणा वाटतो. मला ती समीक्षा वाटते, परिभाषा तेवढी वेगळी.

याच अंगाने पुनरावृत्तीचाही उलगडा होतो. ‘फायटर्झ’मध्ये ठरावीक पात्रं, ठरावीक मैदान आणि ठरावीक शेवटचा वार जुळून आला की मांगातला प्रसंग जसाच्या तसा घडतो: नामेक ग्रहावर गोकू आणि फ्रीझा. हजारदा पाहिलेला शेवट पुन्हा बघण्यात काय गोडी? सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकाला बसलेल्यांना हा प्रश्न पडत नाही. आख्यान सगळ्यांना पाठ असतं, कोण मरणार हे ठाऊक असतं, पण संवाद लिहून दिलेले नसतात. आज हा नट त्या प्रसंगात काय बोलेल हे कळायला लोक पहाटेपर्यंत बसतात. गेममध्ये यापुढची एक पायरी आहे. इथे आख्यान उलटूही शकतं. फ्रीझा जिंकूही शकतो. नामेकवरचा तो शेवट आपोआप मिळत नाही, समोरचा जिवंत माणूस तो अडवायला बसलेला असतो.

६. आक्षेप

पहिला आक्षेप रास्त आहे. बहुतेक गिऱ्हाइकं यातलं काही करत नाहीत. एकच बटण बडवत राहिलं तरी ‘फायटर्झ’मध्ये देखणा कॉम्बो निघतो. चार संध्याकाळी खेळून माणसं गेम विसरतात. खरं आहे. पण मी निष्ठावान चाहत्याच्या ओढीबद्दल बोलतोय, खपाबद्दल नाही. आणि तो एका बटणाचा कॉम्बोही रिकामा नाही. पहिल्या पाच मिनिटांत नवख्याला ‘मी गोकू आहे’ असं वाटू देणं हाही अन्वयार्थच आहे, उथळ का असेना.

दुसरा आक्षेप स्पर्धकांचा, आणि तो जास्त टोचतो. २०१८ मध्ये लास वेगासच्या ‘इव्हो’ स्पर्धेत ‘फायटर्झ’ला अडीच हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, त्या वर्षीच्या सगळ्या गेमांत सर्वाधिक. अंतिम फेरीत अमेरिकेच्या सॉनिकफॉक्सने जपानच्या गोइचीला हरवलं. सॉनिकफॉक्स त्याआधी ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या अगदी वेगळ्या घराण्यातल्या गेमांचा विजेता. म्हणजे जिंकायला यंत्रणेवरचं कौशल्य पुरलं. मग भाष्याचं काय झालं? वरच्या थरावर पात्र म्हणजे आकड्यांचा संच उरतो, हे मला मान्य करावंच लागेल. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. ते आकडे आले कुठून? गिन्यूची चाल केवळ उपयुक्त म्हणून वापरणारा खेळाडूही देहबदलाच्या कल्पनेने विचार करत असतो, कारण तिच्याशिवाय ती चाल कुणाला सुचलीच नसती. मूळ कथा त्याच्या लक्षात नसेल, पण ती त्याच्यासाठी पर्याय आखून गेलेली असते.

तिसरा आक्षेप धंद्याचा. परवान्याखाली केलेलं भाष्य मालकाला न दुखावणारंच असणार, असं म्हणतात. यातलं निम्मं मी कबूल करतो. ‘फायटर्झ’च्या यादीत वेगवेगळ्या केसांचे आणि वयांचे पाच गोकू आहेत, वर गोकू ब्लॅक. हे कुठलं वाचन? हा हिशोब आहे, आणि त्यापायी कित्येक चमत्कारिक दुय्यम पात्रांची जागा गेली. मला याचा राग येतो. पण धंदा हे पूर्ण स्पष्टीकरण असतं तर जिथे धंदा नव्हता तिथे हे रूप उगवलं नसतं. जपानच्या एका हौशी मंडळाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘टू हार्ट’ या शाळकरी प्रेमकथेतल्या मुलींना घेऊन ‘द क्वीन ऑफ हार्ट’ नावाचा फायटिंग गेम केला. मूळ गेम हळव्या गप्पांचा, हाणामारीचा नव्हे. तेच मंडळ पुढे टाइप-मून या दुसऱ्या हौशी मंडळासोबत ‘मेल्टी ब्लड’मध्ये उतरलं. २००२ च्या अखेरीस ती घरगुती निर्मिती विक्रीला आली आणि काही वर्षांत आर्केडमध्ये पोचली. आवडत्या पात्रांबद्दल काही म्हणायचं होतं, आणि चाहत्यांनी लेख किंवा चित्रांऐवजी चालींचे तक्ते आणि फ्रेमचे आकडे निवडले. त्यांच्या मागे कुणी परवानेवाला उभा नव्हता.

‘होकुतो नो केन’बद्दल एक राहिलंच. व्यवसायाच्या दृष्टीने तो बिघडलेला गेम. पात्रं जेमतेम दहा, तोल पार ढासळलेला, एकदा हाती लागलेला शत्रू चेंडूसारखा आपटत राहावा असे न संपणारे कॉम्बो. सर्वांत बलवान कोण, तर तोकी. मांगात तो किरणोत्साराने आजारी पडलेला, रोग्यांची सेवा करणारा, नायक केनशिरोचा भाऊ. तो आजारी नसता तर काय झालं असतं, ही हळहळ मूळ वाचकांना होतीच. तोल सांभाळणाऱ्यांच्या हातून निसटलेल्या आकड्यांनी तिचं उत्तर देऊन टाकलं. कंपनीने तो गेम पुढे दुरुस्त केला नाही, नवी पात्रं घातली नाहीत. तोक्योतल्या नाकानोमधल्या एका छोट्या आर्केडमध्ये मात्र वर्षानुवर्षं त्याच्या स्पर्धा भरत राहिल्या, खेळणारे त्यातून नवे कॉम्बो शोधून काढत राहिले, आणि तोकीला हरवायचं कसं यावर त्यांचं एकमत होत नव्हतं.